नणंदेसाठी बाळ पोटात वाढवायचं आहे. ज्यांनी केलंय त्यांना नंतर कसं वाटलं?

मृण्मयी_पौडरोड

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ३१ वर्षांची, मुलगी पाच वर्षांची. माझी नणंद ३४ची. तीन वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या बाळंतपणात वार सुटेना, रक्त थांबेना. रात्रभर मी आणि हे रक्तपेढ्यांच्या फेऱ्या मारत होतो. पहाटे तिची पिशवी काढावी लागली तेव्हा कुठे ती वाचली. बाळ नाही वाचलं. अंडाशयं शाबूत आहेत. म्हणजे बीज तिचं आणि भावजींचंच असेल, फक्त वाढवायला जागा नाही.

भाऊबीजेला ती ओवाळायला आली होती. माझ्या लेकीचे तान्हेपणीचे कपडे मी कामाच्या मावशींना द्यायला काढून ठेवले होते. ती त्यातलं एक झबलं हातात घेऊन बसली. घडी उलगडली, परत घातली, परत उलगडली. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, मी करू का? तिने मागितलेलं नाही. सासूबाईंना तर अजून माहीतही नाही.

कायदा, कागद यांची माहिती डॉक्टर देतायत. मला वेगळंच विचारायचंय. ज्या बायकांनी दुसरीचं बाळ नऊ महिने वाढवलं, त्यांना नंतर कसं वाटलं? महिन्याने, वर्षाने, आणि आज? समाधान आहे? की आत काहीतरी राहून जातं?

कोथरूडकर_आनंद

वाचतोय. उगाच काहीतरी सल्ला देण्याइतकी माहिती नाही, पण तुमच्या मनाला मनापासून नमस्कार.

अनघा७

दत्तकाचा विचार केलाय का त्यांनी? टोचून बोलत नाहीये, खरंच विचारतेय.

मृण्मयी_पौडरोड

हो अनघा, 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाच्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी करून दोन वर्षं होत आली. नंबर हळूहळू सरकतोय. ती वाट त्यांनी सोडलेली नाही.

स्पष्टवक्ती

मृण्मयी, राग मानू नकोस. "तिने मागितलेलं नाही" हे वाचून मला जास्त काळजी वाटली. आपल्या घरांमध्ये सुनेकडे कोणी काही मागत नाही, सुनेनेच ओळखून करायचं असतं. आणि एकदा तू बोललीस की माघार घेता येणार नाही. सासूबाई देवापुढे साखर ठेवतील, भावजी डोळे पुसतील, मग तू "मला जमेलसं वाटत नाही" असं कोणाला सांगणार?

हे मी एकटी म्हणत नाही. सरोगसीच्या २०१६ च्या विधेयकात सरोगेट, म्हणजे दुसरीचं बाळ पोटात वाढवणारी बाई, ही जवळची नातेवाईकच हवी अशी अट होती. घरातल्या बायकांवर याचा दबाव येईल हा त्यावरचा मोठा आक्षेप होता. बाईने पैसे घेतले तर तिचं शोषण, आणि नात्यात फुकट केलं तर तो त्याग? श्रम तेच, कळा त्याच, धोका तोच.

कायदा_सोपा_करून

स्पष्टवक्ती यांचा मुद्दा रास्त आहे. राज्यसभेच्या निवड समितीने २०२० मध्ये ती नात्याची अट काढायला सांगितली आणि २०२१ च्या कायद्यात "तयार असलेली स्त्री" अशी भाषा आली. कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. अजूनही अनेकांना वाटतं की नातेवाईकच लागते. तसं नाही. पण दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमांत बसणारे इतर खर्च सोडून एक रुपयाही घेता येत नाही. मग परकी बाई पुढे येणार कुठून? त्यामुळे शेवटी बहीण नाहीतर भावजयच उरते.

मृण्मयीताई, तुमच्यापुरतं सांगतो. वय २५ ते ३५, लग्न झालेलं, स्वतःचं मूल असलेलं, आणि आयुष्यात एकदाच. स्वतःचं बीज वापरता येत नाही. तुमच्या नावाने ३६ महिन्यांचा विमा त्यांनी काढायचा, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीसाठी. आणि हे अधोरेखित करून ठेवा: गर्भ आत सोडेपर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता. कारण द्यायची गरज नाही. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांचा पालकत्वाचा आदेश या दोन्ही गोष्टी आधी. तो आदेशच पुढे जन्माच्या नोंदीला चालतो, दाखल्यावर आई म्हणून नणंदेचं नाव लागतं.

शर्मिला_सिंहगडरोड

मी केलंय. धाकट्या बहिणीसाठी. २०२३ च्या डिसेंबरात बाळ झालं. इथे कधी लिहिलं नव्हतं, पण मृण्मयीचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

बहिणीला जन्मतःच गर्भाशय नव्हतं. पाळी येत नाही म्हणून सोळाव्या वर्षी तपासण्या केल्या तेव्हा कळलं. साडेचार-पाच हजार मुलींत एखादीला असं असतं असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. परतीच्या बसमध्ये तिच्याशेजारी बसून मी मनात म्हटलं होतं, मी आहे ना. त्यामुळे माझ्यावर दबाव होता का, तर होता. पण तो माझाच माझ्यावर.

सुरुवातीला गोळ्या, मग प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं. तेलातली असतात, कुल्ल्यात घ्यायची, रोज. पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी. स्कूटरवर बसवेना. पहिला प्रयत्न फसला. चौदाव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा बहीण मला समजावत होती आणि मी रडत होते. तिचं बाळ मी धरून ठेवू शकले नाही असं वाटत होतं. हे कोणी आधी सांगत नाही. दुसऱ्यांदा राहिलं.

पोटातलं बाळ माझं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. माझ्या मुलाच्या वेळी मी पोटाशी बोलायचे. या वेळी बोलणं कमी आणि जपणं जास्त. लोह, कॅल्शियम, डाव्या कुशीवर झोपणं, सगळं घड्याळाच्या काट्यावर. ठेव सांभाळल्यासारखं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं, पाटावर आम्ही दोघी शेजारी. ओटी दोघींची भरली. ते फार छान झालं.

आता नंतरचं. सिझर झालं. बाळ बहिणीच्या हातात दिलं तेव्हा तिने आधी बाळाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तो क्षण मला आयुष्यभर पुरेल. पण तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. दूध बंद करायची गोळी दिली होती, तरी छाती दगडासारखी. शेजारच्या खोलीत कोणाचंही बाळ रडलं की गाऊन भिजायचा. मनाने सोडलेलं होतं, अंगाला कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी बहीण बाळाला घेऊन नाशिकला गेली. आणि आमची आईही तिच्याबरोबर गेली, बाळाला न्हाऊमाखू घालायला. बाळ जिकडे, बाळंतपण तिकडे, असंच सगळ्यांनी धरलं. मीही हो म्हटलं. घरी टाक्यांवर हात दाबून मी ओट्याशी चहा करत उभी होते आणि एकदम लक्षात आलं की बाळंतीण मी आहे. डिंकाचे लाडू नाशिकला गेले होते. धुरी, शेक, मालिश, सगळं तिकडे. मला कोणी विचारलंच नाही की रक्त किती जातंय.

बाळ दिल्याचं दुःख मला झालं नाही. आई तिच्याकडे गेली याचं झालं.

दोन महिने मी कोणाशी धड बोलत नव्हते. मग एक दिवस सासूबाई माझ्या खोलीत आल्या, दार लावलं, आणि म्हणाल्या, "पालथी पड." खोबरेल तेल कोमट करून आणलं होतं. पाठीला लावलं, गरम पाण्याने अंघोळ घातली, केस पुसले. त्या दिवसापासून मी सावरले.

मृण्मयी, समाधान आहे. आज विचारशील तर शंभर टक्के. पोरगं मला माऊ म्हणतं आणि माझ्या मुलाच्या मागे मागे फिरतं. पण आधीच ठरवून ठेव, बाळ गेल्यावर तुझ्याजवळ कोण राहणार.

गौरांगी

शर्मिलाताई, ऑफिसात बसून वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

नारायणपेठेतला

आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे? देवकीचा सातवा गर्भ योगमायेने रोहिणीच्या उदरात नेला, म्हणून बलरामाला संकर्षण म्हणतात. गोकुळात रोहिणीनेच वाढवला त्याला.

स्पष्टवक्ती

पण रोहिणीला कोणी विचारल्याचं भागवतात आहे का, नारायणराव?

नारायणपेठेतला

माझ्या वाचण्यात नाही. प्रश्न चांगला आहे, आमच्या भागवताच्या बुवांना विचारतो. फरक एवढाच की रोहिणीने बाळ स्वतःकडे ठेवलं. बलराम तिचाच म्हणून ओळखला जातो, रौहिणेय.

सुमन_सिस्टर

मी आता निवृत्त. २०१० ते २०१५ या काळात पैसे देऊन सरोगसी चालायची तेव्हा अशा बायका ज्या दवाखान्यात यायच्या तिथे मी होते. नाव लिहीत नाही.

तेव्हा परदेशातूनही जोडपी यायची. गुजरातमधलं आणंद सगळ्यांना माहीत झालं, २००८ मध्ये जपानी जोडप्याच्या बाळाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हापासून. पण पुण्या-मुंबईतही थोडंफार होतंच. बायका आमच्या हडपसर, येरवडा, चिंचवड भागातल्या. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी नवऱ्याने टाकलेली. गावाकडे सांगून यायच्या की परगावी नोकरी लागली. पोट दिसायला लागलं की गावाकडच्या लग्नाकार्याला जाणं बंद. वस्तीत कळलं की लोक नको ते बोलायचे. सरोगसी म्हणजे परपुरुषाशी संबंध, असाच समज.

एक बाई मला कधी विसरता येत नाही. बाळ लगेच दुसऱ्या मजल्यावर नेलं होतं. तिने मला जवळ बोलावून फक्त वजन विचारलं. मी म्हटलं, तीन किलो दोनशे. ती म्हणाली, "माझी दोन्ही अडीचचीच होती." आणि इतकी समाधानाने हसली! पैशातून तिने पत्र्याच्या जागी स्लॅब घातला, मुलीला नर्सिंगला घातलं. आणि ज्यांचं बाळ, ते तिला एकदाही भेटले नाहीत. तिला त्याचं वाईट वाटलं होतं. पैसे मिळाले म्हणजे बाई सुखी, किंवा पैसे घेतले म्हणजे बाई पिडलेली, यातलं एकही धरून चालू नका.

डॉ_निशिगंध

शर्मिलाताईंनी आणि सुमनताईंनी जे लिहिलंय तेच अभ्यासांतही दिसतं, म्हणून थोडं लिहिते.

केंब्रिज विद्यापीठाच्या सुसान गोलोम्बोक यांच्या गटाने ब्रिटनमधल्या ३४ सरोगेट स्त्रियांना बाळ झाल्यानंतर साधारण वर्षाने भेटून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या काही आठवड्यांत काहींना मनाचा त्रास झाला, पण तो ओसरत गेला. बाळ सोपवताना फार जड गेलं असं फारसं कोणी म्हटलं नाही. दहा वर्षांनी अशाच २० जणींना विचारलं तेव्हा एकीलाही पश्चात्ताप नव्हता आणि बहुतेकींची मानसिक प्रकृती चांगली होती.

पण ते ब्रिटन. त्याच गटाने मुंबईतल्या ५० सरोगेट स्त्रियांची इतर ६९ गर्भवतींशी तुलना केली, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या सरोगेट स्त्रियांमध्ये नैराश्य जास्त होतं, गरोदरपणातही आणि नंतरही. मात्र बाळ दिल्यामुळे ते वाढलं असं दिसलं नाही. नंतरचं नैराश्य जास्त कोणाला? जिला गरोदरपणात आधार कमी, जिने ते लपवलं, जिने लोकांची बोलणी खाल्ली. आणि गंमत बघा, या बायका पोटातल्या बाळाशी मनाने कमी गुंतलेल्या होत्या पण त्याच्या वाढीची काळजी इतरांहून जास्त घेत होत्या. शर्मिलाताईंचं "बोलणं कमी आणि जपणं जास्त" वाचून मी थबकलेच.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. शारीरिक धोका जास्त असतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या नोंदींवरून २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात आईला गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत २.३ टक्के, आयव्हीएफमध्ये (गर्भ प्रयोगशाळेत तयार करून) ४.३ आणि सरोगेटमध्ये ७.८ टक्के होतं. रक्तदाब आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मुख्य. तुमच्या घराने रक्तस्राव जवळून पाहिलाय. तुमचं पहिलं बाळंतपण कसं झालं, रक्तदाब होता का, हे आधी नीट तपासून घ्या. आणि एकच गर्भ सोडायचा असा आग्रह धरा.

अनघा७

गर्भाशय प्रत्यारोपणाचं काय झालं हो? देशातलं पहिलं पुण्यातच झालं होतं ना?

डॉ_निशिगंध

हो, मे २०१७ मध्ये, गॅलेक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूने केलं. आईचं गर्भाशय मुलीला. ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा गर्भाशयातून देशातलं पहिलं बाळ पुण्यातच जन्मलं. ज्या कुशीतून आई आली त्याच कुशीतून लेकही आली. पण दोघींवर मोठ्या शस्त्रक्रिया, शरीराने अवयव नाकारू नये म्हणून औषधं, आणि मूल झाल्यावर बहुधा ते परत काढायचं.

भास्कर_निगडी

नवऱ्यांच्या बाजूने लिहितो. माझ्या बायकोने माझ्या बहिणीसाठी केलं, म्हणजे मृण्मयीताईंसारखंच. बाळ आता दीड वर्षाचं.

मी इंजेक्शन द्यायला शिकलो. दवाखान्यातल्या सिस्टरांनी संत्र्यावर शिकवलं. रोज रात्री साडेनऊला. पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता, ती उलट मला धीर देत होती. नवऱ्याने हे काम नर्सवर टाकू नये असं माझं मत आहे. ती तुमच्या बहिणीसाठी रोज सुई टोचून घेते, निदान सुई तुमच्या हातात हवी.

दुसरं, सोसायटीत काय सांगायचं ते आधी ठरवा. आम्ही खरं सांगितलं. चार दिवस कुजबुज झाली, मग शेजारच्या काकू रोज ताक पाठवायला लागल्या. लपवलं असतं तर "बाळ कुठे गेलं?" याचं उत्तर जन्मभर देत बसलो असतो.

लक्ष्मीरोडची_सून

भास्करराव +१. आणि कृपा करून "भाडोत्री आई" हा शब्द बातम्यांमधून तरी जावा. शर्मिलाताईंनी काय भाडं घेतलं?

नारायणपेठेतला

"उसनी कूस" हाही शब्द आहे. उसनं म्हणजे आपुलकीचं. शेजारून वाटीभर साखर आणतो तसं.

लक्ष्मीरोडची_सून

पण उसनं परत करायचं असतं. वाटी रिकामी परत करत नाही आपण, काहीतरी घालून देतो. त्या अर्थाने घ्यायला माझी ना नाही.

स्पष्टवक्ती

मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण शर्मिलाताई आणि भास्कर यांचं वाचून एक कळलं की दबाव आणि इच्छा अशा दोन वेगळ्या बरण्या नसतात. मृण्मयी, अजून एक विचारते. तुझी लेक पाच वर्षांची आहे. आईच्या पोटात बाळ आहे हे तिला दिसणार. मग ते घरी येणार नाही. तिला काय सांगशील?

शर्मिला_सिंहगडरोड

याचं उत्तर मी देऊ? माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला पहिल्या दिवसापासून सांगितलं की मावशीच्या पोटात खोली नाही म्हणून बाळ आपल्याकडे राहायला आलंय. त्याला इतकं पटलं की शाळेत बाईंना सांगून आला, "आमच्याकडे पाहुणा आहे, डिसेंबरात जाणार." नंतर एकदाच विचारलं त्याने, "मी पण कोणाचा पाहुणा होतो का?" त्याला मांडीवर घेतलं आणि माझ्या पोटावरचा त्याच्या वेळचा व्रण दाखवला. हा तुझा, म्हटलं. नंतरचा टाकाही त्याच रेषेत आहे, ते मी त्याला सांगितलं नाही.

मृण्मयी_पौडरोड

इतके दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. रोज वाचत होते. शर्मिलाताईंचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आई कोणाकडे राहील हे आधी आईला विचारू."

मागच्या रविवारी ताईला आणि भावजींना जेवायला बोलावलं. मुलीला खाली खेळायला पाठवलं आणि सांगून टाकलं. ताई एकदम "नको वहिनी" म्हणाली. म्हणाली, त्या रात्री मी होते टेबलावर, तुला काही झालं तर मी या घरात तोंड कशी दाखवू? ताटावरून उठून गॅलरीत गेली. स्पष्टवक्ती, मला तुमची आठवण झाली. दबाव माझ्यावर येईल असं आपण सगळे धरून चाललो होतो, आणि नाही म्हणायला आधी ती उभी राहिली.

मी तिला म्हटलं, तू लगेच हो म्हणू नकोस, मीही म्हणत नाही. आधी माझ्या तपासण्या होऊ देत. डॉ. निशिगंध, पहिल्या वेळचे सगळे कागद काढले. रक्तदाब नव्हता, नॉर्मल बाळंतपण होतं, हिमोग्लोबिन मात्र आत्ता १०.४ आहे. ते आधी वाढवायचंय.

काल रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, समुपदेशकांकडे चौघं जाऊ, आणि झालंच तर पहिले चाळीस दिवस मी बाळाला घेऊन तुझ्याच घरी राहीन. आई तिथेच येईल. दोघींचे लाडू एकाच डब्यात.

मंगळवारची वेळ मिळालीय. शर्मिलाताई, एक अगदी साधं विचारते. इंजेक्शनच्या गाठींना शेक आधी द्यायचा की नंतर?

शर्मिला_सिंहगडरोड

नंतर. आधी फक्त बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट कर, तेल पातळ होतं. टोचल्यावर जरा चोळायचं, मग शेक. आणि रोज बाजू बदल, भिंतीवर कॅलेंडरला डावी-उजवी लिहून ठेव. मंगळवारी आलीस की फोन कर, मी घरीच आहे.